डोंगरीवर नेलेल्या सांबारवड्या

बाजारात सांबार स्वस्त झाला की हल्ली माझं डोकं दुखायला लागतं. पुण्याकडे जिला कोथिंबीर म्हणतात तिला आम्ही सांबार म्हणतो. अगहन, म्हणजे मार्गशीर्ष लागला, धान कापून झालं की भिलाईच्या बाजारात त्याचे ढीग येतात. ओल्या गोणपाटावर रचलेल्या जुड्या, मुळांना लागलेली काळी माती, आणि दहा पावलांवरून येणारा तो हिरवा, थंड वास. पूर्वी त्या वासाने मला नुसतं हरखून जायला व्हायचं. आता भाजीवाली जुडी पुढे करते आणि मी म्हणते, नको बाई, पालक दे.

परवा नेमकी बाजारात उभी असतानाच फोन किणकिणला. 'लेडीज सायकल ग्रुप'. फुलं, हात जोडलेले, सूर्य उगवतोय, आणि खाली ग्रुप चालवणाऱ्या रेखा भाभींचा निरोप: मौसम आ गया है, डोंगरी की तारीख तय करते हैं. त्याखाली टाळ्याच टाळ्या. मी तो ग्रुप अजून सोडलेला नाही. सोडला तर वंदना बाहेर पडली असं सगळ्यांना दिसेल आणि मग फोन येतील, क्या हुआ, तबियत ठीक है? त्या काळजीची मला किळस येते, म्हणून मी आत बसून आहे.

किळस मला मुळातच लवकर येते. घरात त्याची चेष्टा असते. दुसऱ्याच्या ताटातलं उष्टं, बसच्या सीटचा तेलकट माथा, बँकेत थुंकी लावून नोटा मोजणारं बोट, ओल्या टॉवेलचा कुबट वास. शाळेत पोरांच्या वह्या तपासतानाही मी पानाच्या कोपऱ्याला धरते, कारण कोणत्या पोराचं बोट कुठून येऊन त्या पानावर टेकलं ते देवच जाणे. माझे मिस्टर इथल्या स्टील प्लांटमध्ये कोक ओव्हनला. डांबराच्या, गॅसच्या वासात त्यांची उमर गेली. ते म्हणतात, "तुझ्या नाकाले रिटायर करून टाक आता. आमच्याकडे एक शिफ्ट कर, मग गुलाबाचाही वास येनार नाई." मी म्हणते, माझं नाक आहे म्हणून तुमचं घर स्वच्छ आहे. हे आमचं रोजचं.

तर मी ग्रुपात आले त्या वर्षीचा हिवाळा. मुलगी शिकायला पुण्याला गेली आणि तिची गिअरची सायकल बाल्कनीत धूळ खात पडली. कल्पना एके दिवशी आली, सायकलची घंटी वाजवून पाहिली आणि म्हणाली, "हे कावून ठेवलं वो असं? पोरगी गेली तं तू चालव." कल्पना आमच्या वैशाली नगरातच, दोन गल्ल्या सोडून राहते. तिच्या सासरची मंडळी गोंदियाकडची शेतकरी, सासरे प्लांट सुरू झाल्यावर इकडे आले. माझे बाबा भंडाऱ्याकडून आले. आमच्या दोघींच्या घरची बोली एकच. सगळ्या गल्लीत हिंदी, शाळेत हिंदी, दूधवाल्याशी हिंदी, आणि मुलगीही फोनवर हिंदीच बोलते. दिवसभरात कोणी का गं ऐवजी "कावून वो" म्हणणारं भेटलं की माझा जीव भांड्यात पडायचा. घराबाहेर मी मराठी बोलायचे ती फक्त कल्पनाशी. ती दुपारी यायची, सरळ स्वयंपाकघरात शिरायची, पोळ्यांच्या डब्याचं झाकण उघडून पाहायची. आम्हा दोघींत फरक पडावा असं काही असेल हे कधी मनातही आलं नाही.

सांगून टाकते. आम्ही बौद्ध. दारावर पंचशील झेंडा आहे, बैठकीत दोन फोटो आहेत, घर कोणाचं ते पाहणाऱ्याला उंबऱ्यावरच कळतं. आम्ही लपवत नाही आणि कोणी विचारत नाही. प्लांटच्या टाउनशिपची हीच तर मोठी गोष्ट असं बाबा म्हणायचे, की इथे क्वार्टर आणि ग्रेड विचारतात, जात विचारत नाहीत. मी ते खरं मानून मोठी झाले.

कल्पनानेच मला तिच्या सायकल ग्रुपात ओढलं. ग्रुपमधल्या बायका आमच्याच वयाच्या. कोणाचा गुडघा, कोणाची शुगर, कोणाचं नुसतंच एकटेपण. रविवारी सकाळी सिविक सेंटरला जमायचं आणि कुम्हारीच्या बाजूला जाऊन यायचं. हायवेची ती सकाळ कोणी मला सुंदर म्हणून सांगू नये. नाकात गेलेली काळी राख घरी येऊन शिंकरावी लागायची. उसन्या, म्हणजे उकड्या तांदळाच्या मिलपाशी असा आंबट वास, की दोन पायडल श्वास धरून मारायचे. फुगलेला कुत्रा रस्त्याच्या कडेला पडलेला, आणि पुढच्या रविवारी तोच कुत्रा थोडा सपाट. एकदा रायपूरकडे जाणाऱ्या बसच्या खिडकीतून गुटख्याची पिचकारी आली आणि माझ्या उजव्या बाहीवर बसली. कोमट होती. मी सायकल टाकली आणि तिथेच भडाभडा ओकले. कल्पनाने मागून येऊन आपल्या बाटलीतलं सगळं पाणी माझ्या बाहीवर ओतलं, हाताने चोळून धुतलं. त्या घाणीला तिने स्वतःच्या हाताने हात लावला. "काई नाई वो, थुका आहे, धुतला का गेला," म्हणाली. मी रडत होते आणि हसतही होते.

तरीही त्या रविवारांसाठी मी आठवडा ढकलायचे. थंड हवेत कान दुखायचे, बोटं हँडलला चिकटल्यासारखी व्हायची, आणि मागून कोणीतरी ओरडायचं, वंदना जी, गिअर बदलिए! आयुष्यात पहिल्यांदा मी कुठल्या तरी टोळीत होते. शाळा-घर, घर-शाळा यात टोळी होत नाही.

परत येताना कुठेतरी थांबून नाश्ता व्हायचा. प्रत्येकीने घरून काहीतरी आणायचं. कोणी काय आणायचं ते कल्पना ठरवायची, कारण ती तोंडाची गोड आणि सगळ्यांशी तिचं जमायचं. शनिवारी संध्याकाळी तिचा फोन यायचा. "उद्या तू केळं आन." पुढच्या शनिवारीही केळी. मग संत्री. मग पुन्हा केळी. मी म्हणायचे, अगं मी काहीतरी करून आणते, उपमा करते. तर ती, "कावून मरतेस सकाळून उठून? तुही शाळा, तुया नवऱ्याची शिफ्ट. केळं बरे." मला वाटायचं, माझ्यावर किती जीव आहे हिचा. मी बाजारात जाऊन निवडून, डाग नसलेली, पिवळीधमक केळी आणायची. रेखा भाभी सोलताना म्हणायच्या, वंदना जी के केले सबसे मीठे होते हैं.

डोंगरीचा बेत निघाला तो अगहनातच. त्या टेकडीचं नाव मुद्दाम सांगत नाही. सांगितलं तर पुढच्या रविवारी तुम्हीही चिप्सची पाकिटं घेऊन हजर व्हाल, आणि तिथे आधीच खूप झाली आहेत. बालोदच्या वाटेवर आत वळलं की धानाच्या सपाट मुलखातून एकदम काळ्या खडकांच्या टेकाडांची एक रांग उभी राहते, त्यातली एक. ठरलं असं, की जाताना सायकलने जायचं, पायथ्याच्या गावात सायकली ठेवून वर चढायचं, आणि येताना सायकलींसकट पिकअप गाडीत बसायचं. रेखा भाभींनी वर एक कलम जोडलं. उतरताना प्रत्येकीने हातमोजे घालून एकेक बोरा, म्हणजे पोतंभर कचरा उचलायचा. सेवा की सेवा, फिटनेस की फिटनेस. त्यांनी सगळ्यांसाठी एकसारख्या टोप्याही आणल्या.

सायकल आणि डोंगर एकाच दिवशी करणं हे ज्याने केलंय त्यालाच कळेल. सायकल पायांना गोल फिरायला शिकवते. तासन् तास ते फिरतात, त्यांना वाटतं जगात एवढंच काम आहे. मग तुम्ही उतरता आणि जमीन हलते. मांड्या लाकडाच्या होतात, आणि त्याच मांड्यांना आता म्हणायचं, उचला वजन, चढा. पहिल्या दगडापाशीच माझे गुडघे लटलट कापायला लागले. पण दमण्यातही एक मजा होती. रस्ताभर लोकांनी धान पसरलेलं, वरून गाड्या जाऊन मळणी व्हावी म्हणून, आणि आमच्या सायकलींच्या चाकाखाली त्याचा खसखस आवाज. पैऱ्याचा, म्हणजे भाताच्या पेंढ्याचा कोरडा, गोडसर वास. पायथ्याशी एका बियाऱ्यात, म्हणजे खळ्यात, आम्ही सायकली लावल्या. तिथल्या म्हाताऱ्याने आमच्या टोप्यांकडे बघून विचारलं, मंदिर जाथव का? रेखा भाभी म्हणाल्या, नहीं बाबा, सफाई करने. त्याने बिडी विझवून कानावर ठेवली.

आणि माझ्या पाठीवरच्या पिशवीत, स्टीलच्या डब्यात, सांबारवड्या होत्या.

कल्पनाने फोन केलाच होता, केळं आन म्हणून. मी हो म्हटलं आणि मनाशी ठरवलं, या वेळी नाही. बाजारात सांबार इतका स्वस्त, इतका कोवळा, आणि वर्षातून एकदा जायचं तर नुसती केळी काय न्यायची? मी पहाटे उठले. सांबार आदल्या दिवशीच धुऊन पंख्याखाली सुकवलेला, तो बारीक चिरला. तीळ, खसखस, सुकं खोबरं, इकडची जंगली चारोळी, सगळं तेलावर परतलं. बेसनाची पारी लाटली, तिला आतून चिंचगुळाचा मसाला चोपडला, सारण भरलं, पुडीसारखी घडी घातली आणि मंद आचेवर तळली. घरभर वास. मिस्टर रात्रपाळी करून आले, दारातच थांबले आणि म्हणाले, "कोक ओव्हनच्या नाकाले आला वास. म्हंजे झाल्या बरोबर." त्यांनी दोन खाल्ल्या आणि झोपले.

वर चढताना मात्र डोळे मिटून चढावंसं वाटत होतं. एवढी घाण मी एका जागी कधी पाहिली नव्हती. झुडपांना लहान मुलांचे वापरलेले डायपर अडकलेले, कोणीतरी लांबून फेकले असणार. दारूच्या बाटल्यांच्या काचा. मटणाची हाडं आणि त्यावर हिरव्या माश्या. थर्माकोलच्या वाट्यांत साचलेलं पाणी आणि त्यात वळवळणारे किडे. खडकाखडकावर ऑइलपेंटने मारलेली पोरापोरींची नावं, बाण घुसलेली हृदयं. मोठ्या दगडाच्या आडोशाला जावं तर लघवीचा असा भपकारा की डोळ्यांत पाणी. देवीच्या ठाण्यापाशी तेलाच्या चिखलात अगरबत्तीची रिकामी खोकी, नारळाच्या शेंड्या, कुजलेली फुलं. ज्या देवीला नमस्कार करायला आले तिच्याच पायाशी हे टाकून गेले. माणूस नावाच्या प्राण्याची मला त्या दिवशी मनापासून शिसारी आली. मी कल्पनाला तसं म्हटलंही. ती हसून म्हणाली, "आपन तं साफ कराले आलो नं? मंग?"

माथ्यावर वारा होता. सपाट खडकावर चादर अंथरून सगळे डबे उघडले. रेखा भाभींच्या कचोऱ्या, कोणाचे ठेठरी-खुरमी, कोणाचा ढोकळा, कल्पनाचा चिवडा. मी माझा डबा उघडला तेव्हा कल्पना चिवड्याला लिंबू पिळत होती. तिचा हात थांबला. तेव्हा मला वाटलं, खूश झाली.

"अरे वंदना जी, आपने क्यों तकलीफ की?" रेखा भाभी म्हणाल्या. "आप तो केले लाती हैं ना."

मी म्हटलं, आज काही खास आणलंय, आमच्याकडची वडी. डबा फिरला. प्रत्येकीने घेतली. कितनी सुंदर दिखती है, पैकिंग जैसी, कैसे बनाई? मी कृती सांगत राहिले, उत्साहाने, हातवारे करून. चारोळी इकडचीच घातली हेही सांगितलं. कोणी कागदी रुमालात ठेवली, चाय के साथ लूँगी म्हणून. कोणी डिशच्या कडेला ठेवली. चहा थर्मासमधून ओतला गेला, कचोऱ्या संपल्या, ढोकळा संपला, फोटो झाले. डबा रिकामा परत आला आणि मी तो पिशवीत टाकताना पूर्ण सुखी होते.

मग बोरे वाटले. उतरताना आम्ही पांगलो. मी पूर्वेच्या बाजूने, खाली वाकून, श्वास तोंडाने घेत, एकेक गोष्ट दोन बोटांनी उचलत होते. डायपर मी उचलले. हाडं उचलली. किड्यांचं पाणी ओतून वाट्या उचलल्या. एवढं किळसणारी मी, पण बोरा भरत गेला तसा एक हट्ट चढला होता. आणि एका काळ्या दगडामागे, तेंदूच्या झुडपाच्या बुंध्याशी, मला कागदी रुमालांची एक स्वच्छ, पांढरी पुरचुंडी दिसली. नवीनच होती. मी उचलली तर जड लागली. उघडली.

माझ्या वड्या.

अख्ख्या होत्या. दात कशालाच लागलेला नव्हता. एकीचा फक्त कोपरा मोडला होता, आत काय आहे ते पाहायला मोडावा तसा. मुंग्या लागायला लागल्या होत्या. त्या एवढ्या व्यवस्थित गुंडाळल्या होत्या की आधी माझ्या मनात आलं, कोणीतरी घरी न्यायला ठेवल्या असतील आणि विसरलं असेल. मग मनात आलं, तळलेलं आहे, वजनाची काळजी असेल. पण कचोऱ्यांचं तूप सगळ्यांच्या मनगटापर्यंत ओघळलेलं मी पाहिलं होतं. मी तिथेच खाली बसले. राग नंतर आला. आधी मला फार वाईट वाटलं, एखाद्याने वर्गात सगळ्यांसमोर उभं केल्यासारखं, आणि माझा गुन्हा काय ते मला सोडून सगळ्यांना माहीत असल्यासारखं.

कल्पना मागून आली. तिने पाहिलं. तिने विचारलं नाही की हे काय आहे.

"टाक ते बोऱ्यात," ती हळूच म्हणाली. "तिकडे फोटो घेऊन राहिले. येतील कोनी."

"तुले मालूम होतं?"

"मले नाई मालूम राहीन?" ती माझ्याशेजारी उकिडवी बसली. "म्हनून तं तुले केळं सांगत होती मी. केळ्याले साल राहते नं वो. सोलून खाल्लं का झालं. तुया अपमान नको व्हाले म्हनून मी किती सांभाळलं, तुले काय मालूम. अन् तू आज हे करून आनलं."

इतक्या रविवारांची केळी माझ्या डोळ्यांपुढे आली. निवडून घेतलेली, डाग नसलेली.

"अन् तुयी वडी?" मी विचारलं.

"मी खाल्ली. पोरीची सौगन, मी खाल्ली."

"कुठं?"

तिने बोटाने मातीत रेघ ओढली. "तिकडं. गोट्याच्या मांगं. थ्या पाहत होत्या नं."

वर कोणीतरी शिट्टी वाजवली. मी ती पुरचुंडी डायपर आणि हाडांच्या बोऱ्यात टाकली. दुसरं काय करणार होते? खाली आल्यावर सगळ्यांचे बोरे एका ओळीत ठेवून फोटो झाला. रेखा भाभींनी मला दंडाला धरून पुढे ओढलं. "वंदना जी, आप आगे आइए, आपका बोरा सबसे भारी है." तो फोटो ग्रुपवर अजून आहे. मी टोपी घालून मध्यभागी उभी आहे आणि हसते आहे.

पिकअपमध्ये मी मागे सायकलींमध्ये बसले. पुढे अंताक्षरी चालली होती. चेनचं ग्रीस सलवारला लागत होतं आणि मला ते पुसावंसंही वाटलं नाही. घरी येऊन हात साबणाने धुतले, मग डेटॉलने, मग पुन्हा साबणाने. मिस्टरांनी विचारलं, वड्या पुरल्या का? मी म्हटलं, पुरल्या.

त्यानंतर किळस या गोष्टीवर मी बराच विचार केला आहे. माझी किळस पाण्याने जाते. बाहीवरची पिचकारी धुतली, गेली. डायपर उचलला, मोजे काढले, हात धुतले, संपलं. मी कितीही नाक मुरडलं तरी माझं नाक वस्तूपाशी थांबतं. त्यांच्या किळसेला वास लागत नाही, डाग लागत नाही. मी पहाटे नाहून, धुतलेल्या हातांनी, धुतलेला सांबार चिरला होता. ते सगळं धुणं कुठे गेलं? आणि ज्या बायका मेलेल्या बकऱ्याची हाडं आनंदाने उचलत होत्या, सेवा म्हणून, त्यांना माझ्या हातचं बेसन गिळता आलं नाही. आणि ते सगळं इतकं गोड बोलून! तोंडावर म्हणाल्या असत्या तर मी भांडले असते. कागदी रुमालाशी कसं भांडायचं?

बाबा असते तर त्यांना सांगितलं नसतं. क्वार्टर आणि ग्रेडवालं त्यांचं जग त्यांनी तसंच सोबत नेलं, बरं झालं.

सायकल मी सोडली नाही. आता एकटी जाते, शाळेला सुटी असेल त्या सकाळी. डोंगरीवरही एकदा जाऊन आले, सायकल त्याच बियाऱ्यात लावली, पाय तसेच कापले. वरती नवे डायपर होते, नवी नावं होती. मी काही उचललं नाही. खडकावर बसून घरची पोळी-भाजी खाल्ली, हात पुसले आणि उतरले. त्या दिवशी पहिल्यांदा मला तिथला वारा नीट ऐकू आला.

कल्पना मात्र अजून येते. काही महिने आली नाही, मग एक दिवस आली, जसं काही झालंच नाही तशी, आणि पोळ्यांच्या डब्याचं झाकण उघडलं. मी तिला हाकलून का दिलं नाही, असं मुलगी विचारते. मी काय सांगू तिला? ग्रुपातल्या बाकीच्या बायकांची मला किळस येते, ते सोपं आहे. कल्पनाची येत नाही. तिने माझ्या बाहीवरची थुंकी हाताने धुतली आहे. आणि तिच्याशिवाय घराबाहेर माझ्याशी माझ्या बोलीत बोलणारं कोणी नाही. मी तिची वाट पाहते आणि ती आली की आतल्या आत तडफडते.

काल दुपारी ती आली ती हातात सांबाराच्या दोन जुड्या घेऊनच. "पाह्य कसा कोवळा आहे. वड्या कर वो. मले लय दिवसाची खावाशी वाटून राहिली." मी चिरायला बसले. ती समोर पाटावर बसून तीळ निवडत होती, सुनेच्या तक्रारी सांगत होती. पहिला घाणा निघाला. तिने फुंकर घालत, हात भाजून घेत, एकापाठोपाठ एक खाल्ल्या. तिच्या बोटांवरून तेल ओघळत होतं आणि डोळे मिटलेले होते. तिला आवडतात, त्यात काही खोटं नाही.

"अशी कोनाच्याच हातची होत नाई," ती म्हणाली. मग जरा थांबून, "पाच वाजता रेखा भाभीकडे मीटिंग आहे. डोंगरीची. तू चाल नं वो या वेळी. सगळ्या इचारतात तुले."

मी गॅस बारीक केला. "येतो. वड्या घेऊन येतो. तू वरती, सगळ्याईच्या मधात बसून, माया डब्यातली खाशील?"

तिने हातातली अर्धी वडी खाली ठेवली. कढईतलं तेल तडतडत होतं.

"तू मले अडचनीत कावून टाकतेस वो?" ती म्हणाली, आणि तिचा आवाज खरंच दुखावलेला होता.

मी कढईतल्या वड्या उलटल्या. तिने ती अर्धी वडीही खाल्ली, कारण टाकायचं तिच्या जिवावर आलं. मग मोरीत जाऊन साबणाने हात धुतले, चूळ भरली. पर्समधून रुमाल काढला आणि आरशासमोर उभी राहून ओठ पुसले, ओठांचे कोपरे पुसले, बोटांचा वास घेऊन पाहिला आणि पुन्हा एकदा साबण लावला. ते सगळं ती इतक्या सवयीने करत होती, की मला कळलं, माझ्या घरून निघताना ती दर वेळी हे करत आली आहे. मी इतकी वर्षं बघत होते आणि मला ते स्वच्छतेचं वाटत होतं.

दारात तिने गाडी सुरू केली. "येतो वो," म्हणाली आणि वळून हसली. तिच्या हनुवटीला सांबाराचं एक बारीक हिरवं पान चिकटून राहिलं होतं. रेखा भाभींचं घर कोपऱ्यावरच आहे.

मी सांगितलं नाही.